आधी कळवा, मग आभार माना

मित्रांनो, ज्यानं कित्येक वर्षं अंधाऱ्या कपाटात काढली आहेत, त्याला एके सकाळी कोणी मऊ कापडानं पुसायला लागलं तर त्याला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कुत्रंही ज्याला विचारत नाही, त्याची एकाएकी विचारपूस सुरू झाली, तर खुशाल समजावं की कुठंतरी पाणी मुरतं आहे.

पुण्यातल्या मुठाकाठ विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात मी असतो. मी तिथला जुना सूक्ष्मदर्शक. तुमच्या शाळेत मला मायक्रोस्कोप म्हणतात. माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका लहानशा कारखान्यात माझी पितळी नळी घडली, भिंगं घासली गेली आणि अंगावर काळा रंग चढला. मग भुसा भरलेल्या खोक्यातून मी पुण्याला आलो आणि पुणेकर झालो. शंका घेण्याची सवय मात्र मला पुण्यानं लावली नाही, ती लावली आनंदी मॅडमनी.

आनंदी मॅडम विभागात शिकवायच्या. अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. मुलं कांद्याचा पापुद्रा माझ्याखाली ठेवायची आणि हवेचा बुडबुडा बघून "मॅडम, पेशी दिसली!" म्हणून ओरडायची. काही हुशार तर त्या बुडबुड्याचं सुंदर चित्र काढून त्याला नावंही देऊन टाकायचे. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "दिसलं म्हणून खरं मानू नका. काच सरकवा. पेशी असेल तर पेशीच राहील." त्यांचं हे म्हणणं माझ्या भिंगात कायमचं बसलं.

मॅडम मला नुसत्या प्रयोगशाळेत ठेवत नसत. त्या काळी चंद्रपूर, गडचिरोलीकडची बरीच कुटुंबं कामधंद्यासाठी हडपसरला येऊन राहिली होती. तिकडच्या काही घरांमध्ये रक्ताचा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. त्याला सिकलसेल म्हणतात. मॅडम मला खोक्यात घालून रिक्षानं हडपसरच्या बुद्धविहारात न्यायच्या आणि खिडकीपाशी टेबलावर ठेवायच्या, कारण माझ्या आरशाला उजेड लागतो.

तिथं मला कांताबाई पहिल्यांदा भेटली. तिचा नवरा दशरथ कारखान्यात फिटर होता. तिच्या कडेवर तान्ही रुपाली होती आणि पदराला धरून उभा होता आठेक वर्षांचा चेतन. त्याचे हातपाय सुजायचे, हाडं ठणकायची. शेजारचे म्हणायचे, पोरगं शाळा चुकवायला सोंगं करतं. मास्तरही तेच म्हणायचे.

मॅडमनी चेतनच्या बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं, त्यात औषधाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली आणि थोड्या वेळानं ती काचपट्टी माझ्याखाली सरकवली. मित्रांनो, निरोगी रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, अंगठ्यानं मधोमध दाबलेल्या पेढ्यासारख्या. चेतनच्या पेशी तशा नव्हत्या. त्या वाकल्या होत्या, विळ्यासारख्या. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि माणूस वेदनेनं तळमळतो.

मॅडमनी कांताबाईला बोलावून माझ्या नेत्रभिंगाला डोळा लावायला सांगितला. ती बराच वेळ बघत राहिली. मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "म्हणजे सोंग नाही ना बाई हे?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "खरं दुखतं त्याला. मी मोठ्या दवाखान्यातून पक्का तपास करून घेते आणि पुढच्या रविवारी येऊन सगळं सांगते."

आणि पुढच्या रविवारी त्या आल्या. दशरथ आणि कांताबाई दोघंही या आजाराचे वाहक आहेत, म्हणजे त्यांना स्वतःला त्रास नाही पण दोघांकडून मिळून तो मुलाकडे गेला आहे, हे त्यांनी समजावून सांगितलं. औषधं लावून दिली. रुपालीला चेतनसारखा आजार नाही एवढं तेव्हा कळलं. ती वाहक आहे की नाही, ते मोठी झाल्यावर पाहू, असं ठरलं.

पण रुपाली मोठी होईपर्यंत मॅडम निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे गेल्या. विभागात पडद्यावर चित्र दाखवणारी विजेची यंत्रं आली. माझ्या एका भिंगाच्या कडेला बुरशीचं जाळं धरलं. काही दिवस माझा उपयोग पंख्याच्या वाऱ्यानं उडणारे कागद दाबायला झाला. मग कपाट. कपाटात पहिल्यांदा वाईट वाटतं, मग सवय होते आणि शेवटी माणसांचे आवाज ऐकणं हीच करमणूक होते.

असंच मी ऐकलं की निकिता मॅडम नावाच्या तरुण शास्त्रज्ञबाईंच्या गटानं कागदाची एक पट्टी तयार केली आहे. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकला की आजारी कोण, वाहक कोण आणि निरोगी कोण, हे जागच्या जागी कळतं. पट्टी नीट चालते का हे पाहायला त्यांनी हडपसरमधून पुष्कळ लोकांचं रक्त घेतलं होतं. पट्टी उत्तम ठरली. तिला पेटंट मिळालं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुर्गम गावांतल्या आरोग्यकेंद्रांत ती जायला लागली. देशातल्या विद्यापीठांच्या यादीत मुठाकाठचा क्रमांक वर चढला. कॉरिडॉरमध्ये पेढे वाटल्याचा वास कपाटापर्यंत आला. मला कौतुक वाटलं, नाही असं नाही. काम खरंच मोठं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला बाहेर काढून पुसायला सुरुवात झाली. पुसणारा होता जनसंपर्क विभागातला सौरभ. एका हातात कापड, दुसऱ्या हातात फोन.

"येस सर, व्हिंटेज पीस आहे," तो फोनवर सांगत होता. "कृतज्ञता सोहळ्यात कुलगुरूंच्या हस्ते वैजनाथरावांना प्रेझेंट करू. त्यांच्या कंपनीच्या लॉबीत काय भारी दिसेल! आणि त्याआधी हडपसरच्या एका पेशंटच्या आईला स्टेजवर आणतोय. दोन शब्द आभाराचे बोलतील. व्हिडिओला इमोशनल टच येईल."

बघा! माझी शंका खरी निघाली. हे वैजनाथराव म्हणजे मोठे उद्योजक. निकिता मॅडमच्या प्रयोगशाळेला त्यांनी मदत केली होती. त्यांचे आभार मानायला माझी हरकत नव्हती. पण आभार त्यांचे आणि वनवास माझा, हा कुठला न्याय?

सोहळ्याच्या दिवशी सभागृह भरगच्च होतं. व्यासपीठावर झेंडूची तोरणं, समोर देणगीदार, माजी विद्यार्थी, पत्रकार. मला फुलांनी सजवलेल्या टेबलावर मधोमध ठेवलं होतं, बोकडाला हार घालून ठेवतात तसं. कुलगुरूंचं भाषण सुरू झालं. नवी इमारत, नवे अभ्यासक्रम, परदेशी विद्यापीठांशी करार, पट्टीचं पेटंट. मग आभार. कंपन्यांचे, बँकांचे, माजी विद्यार्थ्यांचे, शासनाचे. ज्यांचं रक्त होतं त्यांचं नाव अजून आलं नव्हतं. ते येईल म्हणून मी वाट बघत होतो.

"आणि आता," सूत्रसंचालिका म्हणाल्या, "या संशोधनाच्या एक लाभार्थी, श्रीमती कांताबाई, दोन शब्द बोलतील."

कांताबाई व्यासपीठावर आली. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. तिनं मला पाहिलं आणि थबकली. ओळख पटली असावी. सौरभनं तिच्या खांद्यावर शाल घातली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काकू, जरा स्माईल द्या ना."

तिनं शाल काढली, नीट घडी केली आणि त्याच्याच हातात परत दिली. मग माईककडे तोंड केलं. तीस वर्षं पुण्यात राहूनही तिची बोली चंद्रपूरचीच होती.

"मी आभार मानाले आली नाही," ती म्हणाली. "मले एक विचारायचं हाय. दोन वर्सं झाली, तुमची माणसं आमच्या वस्तीत आली. माह्या रुपालीचं रक्त नेलं. कळवतो म्हणाले. मी इथं गेटवर दोनदा आली, वॉचमननं परत धाडलं. पुढच्या महिन्यात पोरीचं लगन हाय. रक्तात काय निंगालं, ते काऊन नाही सांगत?"

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. सौरभ माईक घ्यायला पुढे सरसावला. कुलगुरू हसून म्हणाले, "आपण यावर नंतर सविस्तर बोलू, बाई."

"नंतर नंतर करूनच दोन वर्सं गेली, साहेब. वाईट निंगालं म्हणून तुमी लपवून ठेवलं का? मले तसंच वाटते. रातंदिस तसंच वाटते."

मलाही तसंच वाटत होतं, मित्रांनो. एवढा गाजावाजा चालला असताना एक साधं उत्तर द्यायला कोणी तयार नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी दडवलं आहे. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे संशयानं बघत होतो.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून निकिता मॅडम उठल्या. चेहरा पांढराफटक झाला होता. त्या सरळ व्यासपीठावर आल्या.

"मावशी, लपवलं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण जे झालं ते त्याहून बरं नाही. अभ्यासात पक्षपात होऊ नये म्हणून नमुन्यांवरची नावं आम्ही काढून टाकली होती. त्यामुळे कुणाचं रक्त कसं निघालं, हे आज आम्हालाही माहीत नाही. तुम्हाला वेगळं तपासून कळवायला हवं होतं. तुमच्या वस्तीतल्या शिबिरात कोणीतरी तसा शब्दही दिला. पण नंतर कोणी परत गेलं नाही. मीसुद्धा नाही."

म्हणजे कोणी काही लपवलं नव्हतं. कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी इतक्या शंका घेतल्या होत्या, पण ही शंका मला आली नव्हती.

"मग आता तपासा," कांताबाई म्हणाली. "पोरगी मागंच बसली हाय."

निकिता मॅडमनी पिशवीतून आपली पुरस्कार मिळवलेली पट्टी काढली. कांताबाईनं नको म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"तो कागद राहू द्या. मले यात दाखवा. माह्या चेतनचं यातच दिसलं होतं, आणि ती बाई सांगाले परत आली होती."

कुलगुरूंच्या कपाळावर आठी पडली. पण निकिता मॅडमनी त्यांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं. फुलं खाली पडली. व्यासपीठामागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांनी मला ठेवलं आणि प्रयोगशाळेतून सामान मागवलं. रुपाली आत आली. आयटी पार्कात नोकरी करणारी, गळ्यात अजून ओळखपत्राची दोरी असलेली मुलगी. तिच्याबरोबर तिचा होणारा नवरा सूरज होता. त्याचे आईवडीलही मूळचे वर्ध्याकडचे.

"सूरज, तू बाहीर थांब जरा," कांताबाई घाईनं म्हणाली.

तिच्या मनातलं मला स्पष्ट कळलं. काही वाईट निघालं आणि पोरानं पाय मागे घेतला तर?

"रक्त तुझं आहे, रुपाली," निकिता मॅडम म्हणाल्या. "कुणासमोर सांगायचं ते तू ठरव."

"तो थांबेल," रुपाली म्हणाली. "आणि मॅडम, काही असलं तरी स्ट्रेट सांगा. आई दोन वर्षं झोपलेली नाही."

बोटाला सुई टोचली. काचेवर थेंब, त्यात औषधाचा थेंब, वर पातळ काच. आता थांबायचं. भिंतीपलीकडे भाषणं पुन्हा सुरू झाली होती. टाळ्यांचा आवाज येत होता. कांताबाईची नजर काचपट्टीवर कमी आणि सूरजच्या चेहऱ्यावर जास्त होती. दरम्यान निकिता मॅडमनी कागदाच्या पट्टीवरही एक थेंब टाकून ठेवला.

एवढ्यात दार उघडलं आणि वैजनाथराव आत आले. झालं, मला न्यायला आले! कांताबाईलाही तोच संशय आला असावा, कारण सौरभ पाठोपाठ येऊन "सर, आपलं प्रेझेंटेशन राहिलंय, हा पीस..." असं म्हणू लागताच तिनं आपला हात माझ्या मानेवर ठेवला.

वैजनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीपाशी ठेवलेल्या काचपट्टीकडे पाहिलं, मग सौरभकडे.

"हे माझ्या लॉबीत ठेवणार होतात का?" त्यांनी विचारलं. "तिथं माणसं लिफ्टची वाट बघतात. इथं काहीतरी काम करतंय बिचारं. राहू दे." मग निकिता मॅडमकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी माझे आभार नाही मानलेत तरी चालेल. आधी यांना कळवा." आणि आले तसे निघून गेले.

मी या गृहस्थाबद्दल काय काय मनात आणलं होतं! मला लाज वाटली. पण विचार करायला वेळ नव्हता. निकिता मॅडमनी काचपट्टी माझ्याखाली सरकवली आणि आरसा उजेडाकडे वळवला.

मित्रांनो, माझ्या भिंगाच्या कडेला बुरशी आहे, पण मधोमध मला अजून लख्ख दिसतं. मी पाहिलं. पुष्कळशा पेशी गोल होत्या. पण अधूनमधून काही वाकल्या होत्या. निकिता मॅडमनी पाहिलं, काच सरकवली, पुन्हा पाहिलं. मग त्यांनी कांताबाईला डोळा लावायला सांगितला.

"विळे हायेत," कांताबाई हळूच म्हणाली. तिचा आवाज विझल्यासारखा झाला.

"आहेत, पण तेवढ्यावरून घाबरू नका. हे बघा." मॅडमनी कागदाची पट्टी पुढे केली. "जुनं यंत्र सांगतं की पेशी वाकतात. आजार आहे की नुसता वाहक, हे त्याला नक्की सांगता येत नाही. ते ही पट्टी सांगते. रुपाली वाहक आहे. तुमच्यासारखीच. तिला काही होणार नाही."

"दुसऱ्या बोटाचं घ्या," कांताबाई म्हणाली.

मॅडमनी दुसऱ्या बोटाचं घेतलं. उत्तर तेच आलं. तेव्हा कुठं कांताबाईनं मान हलवली आणि सावकाश सूरजकडे पाहिलं. मीही पाहत होतो. आता हा काहीतरी सबब काढेल, आईला विचारतो म्हणेल, उद्या बोलू म्हणेल.

सूरज बाही वर सारत होता. मग नुसतं बोटच लागतं हे लक्षात आलं तशी त्यानं बाही सोडली आणि बोट पुढे केलं.

"माझंही घ्या, मॅडम," तो म्हणाला. "माझं कधी कुणी बघितलंच नाहीये. तिचं एकटीचं बघून काय उपयोग?"

पुन्हा थेंब, पुन्हा काच, पुन्हा थांबणं. या वेळी सूरजचा पाय एकसारखा हलत होता आणि रुपालीनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता. काचपट्टी माझ्याखाली आली. मी या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं. सगळ्या पेशी गोल. दाबलेले पेढे, एकजात. कागदाच्या पट्टीनंही तेच सांगितलं.

निकिता मॅडमनी समजावलं की दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलांना चेतनसारखा आजार होत नाही. एखादं मूल वाहक निघू शकतं, तेवढं त्याच्या लग्नाआधी तपासायचं. उद्या मोठ्या दवाखान्यातूनही खात्री करून घेऊ, असंही त्या म्हणाल्या.

"उद्या म्हणजे उद्याच ना?" कांताबाईनं विचारलं.

"उद्याच. मी स्वतः बरोबर येते."

कांताबाई मग खुर्चीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. रुपाली तिच्या पायाशी बसली. सूरज दोन कप चहा घेऊन आला, तिसरा आणायला परत गेला. पलीकडे राष्ट्रगीत सुरू झालं, तशी ती सगळी डोळे पुसत उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी निकिता मॅडम खरंच त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. तिथंही उत्तर बदललं नाही. लग्न ठरल्या दिवशी झालं. अंगात कळा असूनही चेतननं बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढलं, हे निकिता मॅडमच प्रयोगशाळेत कोणाला तरी सांगत होत्या. पेढ्यांचा डबाही त्यांनी आणला होता.

विद्यापीठानं पुढे जाहीर केलं की ज्यांचं रक्त घेतलं त्या प्रत्येक घरी जाऊन पुन्हा तपासणी करू आणि निकाल सांगू. घोषणेवर माझा विश्वास बसला नाही. घोषणा मी कपाटात बसून पुष्कळ ऐकल्या आहेत. पण रविवारी मला खोक्यात घालून हडपसरला नेलं. त्याच्या पुढच्या रविवारीही नेलं. अजून सगळी घरं झालेली नाहीत. ती होतात का, यावर माझं बारीक लक्ष आहे.

आता तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे मला हात असते तर जोडले असते. तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची भिंगं कोरड्या मऊ कापडानं पुसा. पावसाळ्यात त्याला दमट कपाटात कोंडू नका. काम झालं की झाकण घाला. आणि मोठेपणी कोणाकडून काही घेतलंत, रक्त असो, वेळ असो, नाहीतर विश्वास, तर त्याच्याकडे परत जाऊन काय दिसलं ते सांगा. हार, शाल, भाषण, ते सगळं त्यानंतर.

गेल्या रविवारी विहाराच्या दारात एक म्हातारी आजी हात पाठीमागे लपवून उभी होती. "रक्त नेतात आन्‌ परत फिरकत नाहीत," ती पुटपुटत होती. कांताबाई तिथंच खुर्ची टाकून बसली होती. ती उठली, आजीचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "खरं हाय तुमचं, आजी. आधी विचारा, कवा सांगाल म्हणून. दिवस ठरवून घ्या. मगच बोट पुढं करा."

आजीनं विचारलं. निकिता मॅडमनी दिवस सांगितला. मग आजीनं बोट पुढे केलं.